क्लीनअपला 'दुरुस्ती' म्हणायचं का?

आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये कमिट मेसेज (कोडमधला एकेक बदल नोंदवताना त्यासोबत लिहायची ओळ) मराठीत लिहायचा प्रयोग चालू आहे (हसू नका) आणि त्यात एक घोळ झालाय. बग फिक्सला सगळे 'दुरुस्ती' लिहितात, ते ठीक. पण व्हेरिएबलचं नाव बदललं तरी दुरुस्ती, न वापरलेलं फंक्शन उडवलं तरी दुरुस्ती, इंडेंटेशन सरळ केलं तरी दुरुस्तीच. परवा रिव्ह्यूला एक पुल रिक्वेस्ट (माझे बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) आली, 'तारखेच्या फिल्टरची दुरुस्ती', उघडून बघतो तर १४ फायली, चारशेच्या वर ओळी, आणि खरा बग काय तर शेवटच्या दिवसाच्या नोंदी गळत होत्या कारण तुलनेत 'लेस दॅन ऑर इक्वल' हवं तिथे नुसतं 'लेस दॅन' होतं. म्हणजे एका चिन्हाचं काम! ते सापडायला मला अर्धा तास लागला आणि बाकीचं मी नुसतं स्क्रोल केलं हे कबूल करतो. तर क्लीनअपला वेगळा शब्द सुचवा.

---

साफसफाई. सोपं आहे की.

---

साफसफाई म्हटलं की काहीतरी फेकून द्यायचं असं वाटतं, डेड कोड (कुठेच न वापरलेला कोड) काढायला चालेल, नावं बदलायला नाही. 'डागडुजी' तर अजिबात नको, त्यात मोडलेलं कसंबसं चालू ठेवल्याचा वास आहे, तो शब्द घाईच्या हॉटफिक्सला राखून ठेवा.

मी 'आवराआवर' म्हणेन. खोली आवरली तरी सामान तेवढंच राहतं, फक्त जागच्या जागी जातं, आणि रिफॅक्टरिंगची (कोडची आतली मांडणी सुधारण्याची) अटही तीच ना, बाहेरून वागणूक तीच राहिली पाहिजे. आणि गंमत म्हणजे आवरणे म्हणजे स्वतःला रोखणंही, बग फिक्स करताना शेजारचं फंक्शन बघून हात शिवशिवतात तेव्हा आपण तिथे नेमकं तेच करत नाही :) दुसऱ्याने करून ठेवलेलं सरळ करायचं तर 'निस्तरणे' आहेच, पण ते कमिट मेसेजमध्ये लिहिलंत तर भांडणं होतील.

'दुरुस्ती'चा घोळ जुनाच आहे. पंप दुरुस्त केला की तो आधीसारखा चालतो, घटनादुरुस्ती केली की नियम आधीसारखा राहत नाही. दोन्हीला एकच शब्द. पण दोन्हीकडे काहीतरी बदलतं, म्हणून वागणूक बदलते तिथेच दुरुस्ती म्हणा.

---

वरच्याशी सहमत, पण शब्द वेगळा करून कमिट एकच ठेवलात तर काय उपयोग. आवराआवर तपासताना मी बघतो की काहीच बदललं नाही ना, दुरुस्ती तपासताना बघतो की नेमकं काय बदललं, आणि दोन्ही एका डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) आलं की डोळा यातलं एकही धड करत नाही. शिवाय फिक्स रिव्हर्ट करायची, म्हणजे मागे घ्यायची, वेळ आली की सगळी आवराआवर पण परत जाते, जुन्या रिलीज ब्रँचवर फिक्स चेरी-पिक करायचा (तेवढाच कमिट उचलून न्यायचा) तर नावंच जुळत नाहीत म्हणून कॉन्फ्लिक्ट, आणि गिट बाइसेक्टने (बग कुठल्या कमिटपासून आला ते शोधणारी गिटची कमांड; गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) चारशे ओळींच्या कमिटवर बोट ठेवलं तर पुढचं शोधणं परत हातानेच. सगळं करून बसला असाल तर 'गिट ॲड'ला पी फ्लॅग द्या, एकेक तुकडा दाखवून विचारतो घेऊ का म्हणून. स्पेसचे बदल असतील तर 'गिट डिफ'ला डब्ल्यू दिला की ते दिसतच नाहीत.

फक्त अति करू नका, ज्या ओळीत फिक्स आहे त्याच ओळीतला स्पेलिंगचा गोंधळ सुधारायला वेगळी पुल रिक्वेस्ट मागणारा रिव्ह्यूअर मला भेटलाय, तो पण छळच आहे.

---

मूळ प्रश्न माझाच. ती पुल रिक्वेस्ट परत पाठवली, दोन कमिट करून आली: आधी 'आवराआवर', मग 'दुरुस्ती'. दुरुस्ती दोन ओळींची, एक फिक्स आणि एक टेस्ट, मिनिटात पास केली. आवराआवरीच्या कमिटवर मात्र एक जुनी टेस्ट पडली, 'न वापरलेली' म्हणून उडवलेली अट रिकाम्या तारखेसाठी होती. मोठ्या डिफमध्ये ही पडलेली टेस्ट सगळ्यांनी फिक्समुळे पडली असेल म्हणून सोडून दिली होती, मी धरून. त्या कमिटला सध्या आम्ही 'मोडतोड' म्हणतोय.