एल्व्हिस राजा, मग रोझेटा कोण?

खर्जातला_सा
रॉक अँड रोल १९५४ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये गोऱ्या एल्व्हिस प्रेस्लीनं सुरू केलं, हे कालच पुन्हा एका लेखात वाचलं आणि डोकंच सणकलं. आधी कृष्णवर्णीय गायिका-गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प ऐका. आर्कान्सातल्या कॉटन प्लांट गावची, चर्चमध्ये वाढलेली. 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' तिनं १९४४ला रेकॉर्ड केलं. शब्द देवाधर्माचे, पण गिटार ऐकून पाय थांबत नाहीत. एल्व्हिसचं पहिलं 'दॅट्स ऑल राइट' तरी कुणाचं? आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचं, १९४६चं. याला उचलेगिरी म्हणतात.

चौथा_गियर
काहीही हं! एल्व्हिसचं 'हाउंड डॉग' आधी कृष्णवर्णीय बिग मामा थॉर्नटननं गायलं, पण लिहिलं लायबर-स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी. आणि कृष्णवर्णीय रॉकवाला चक बेरी, त्याचं 'मेबेलीन'? 'आयडा रेड' या फिडलवाल्यांच्या जुन्या कंट्री गाण्यावरून. मग बेरीही चोर का?

खर्जातला_सा
चाली इकडून तिकडे जायच्याच. पैसा कुठे गेला ते बघा. 'मेबेलीन'च्या कर्त्यांत रेडिओवरचा डीजे अ‍ॅलन फ्रीडचं नाव घुसवलं होतं. आयत्या बिळावर नागोबा! क्रडप १९७४ला वारला, हक्काची रॉयल्टी पुरती हाती न येताच.

चौथा_गियर
मग कंपन्यांना शिव्या घाला की. एल्व्हिसनं १९५६च्या मुलाखतीत क्रडपचं नाव घेऊन त्याला मान दिलाय. चोर असं करतो?

ओसरीवरची
भांडा तुम्ही. मला वेगळीच गंमत वाटते. रोझेटा १९३८ला न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये गायली तर चर्चवालेच नाराज झाले. म्हणे देवाचं गाणं दारूच्या टेबलांत! आणि गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचा, जनक म्हणतात तो थॉमस डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' नावानं चावट ब्लूज, म्हणजे चर्चबाहेरची दुनियादारीची गाणी, वाजवायचा. म्हणजे भिंत होती, पण कुडाची.

तिचा १९६४चा मँचेस्टरचा व्हिडिओ बघाच. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, प्रेक्षक समोरच्या फलाटावर. पाऊस आलेला, तर ही 'डिड'न्ट इट रेन' सुरू करते. अंगात कोट, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार. वय एकोणपन्नासच्या आसपास.

चौथा_गियर
पाहिला. दोनदा. गिटार मान्य. 'उचलेगिरी' अजून मान्य नाही.

खर्जातला_सा
रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत एल्व्हिस १९८६ला, पहिल्याच तुकडीत. रोझेटा २०१८ला. यावर बोला.