मदत हवी आहे : रोज किती पोळ्या विकल्या की खर्च निघेल?

नमस्कार मंडळी,
धायरीत सहा महिन्यांपासून पोळी केंद्र चालवतेय. फक्त घडीच्या पोळ्या, १० रुपयांना एक, रविवारी बंद. गिऱ्हाईक बरं आहे, पण महिनाअखेरीला सहा-सात हजार घरातूनच घालावे लागतात. कुठे गळतंय ते कळेना.

भाचा बी.कॉम.ला आहे, त्याने 'ना नफा ना तोटा' बिंदू काढून दिला. गाळ्याचं भाडं १५,०००, मदतनीस मुलगा १२,०००, वीज-पाणी २,०००, कर्जाचा हप्ता ७,०००. म्हणजे एकही पोळी लाटली नाही तरी ३६,००० जाणारच. पोळीमागे कणीक दीड रुपया, तेल-गॅस एक, लाटणाऱ्या मावशींना दोन (त्या नगावर घेतात), कागद-पिशवी आठ आणे. पाच गेले, पाच राहिले. ३६,००० भागिले ५, महिन्याला ७,२०० पोळ्या. २६ दिवस धरले तर रोज २७७.

आमच्या तर रोज ३२० होतात! कागदावर साडेपाच हजार सुटायला हवेत. दर ११ करू का? समोरची मेस तुटेल अशी धाकधूक आहे. शिवाय हप्ता खर्चात धरायचा की नाही, यावरून घरात वाद.

प्रतिसाद १ :
ताई, ३२० 'होतात' म्हणजे लाटता की विकता?

धागाकर्ती :
लाटतो. रात्री डब्यात पन्नासेक उरतात, वाफेने ओलावलेल्या. गोठ्यावर देते.

प्रतिसाद २ :
मग सापडलं की! विकल्या २७०, पाच रुपयांनी १,३५०. उरलेल्या ५० ना पिशवी लागली नाही, पण साडेचार रुपये गेलेच, ते २२५. दिवसाला राहिले १,१२५, २६ दिवसांचे २९,२५०. खड्डा ६,७५० चा. रोज ५० उरणार असतील तर २७७ विसरा, ३२२ 'विकायला' हव्यात. ११ रुपये केलेत आणि एकही गिऱ्हाईक तुटलं नाही, तर २७० वर कसाबसा खर्च निघेल. मेस गेली की तेही गेलं. त्यापेक्षा संध्याकाळची शेवटची दीड किलो कणीक मागणी बघून मळा.
हप्त्यातलं व्याज हा खर्च, मुद्दल ही परतफेड, असं भाच्याचं पुस्तक सांगेल. पण गल्ल्यातून दोन्ही जातं, तेव्हा घरच्या हिशेबात पूर्ण हप्ता राहू द्या.

प्रतिसाद १ :
आणि पहाटे कणीक कोण मळतं? त्या माणसाचा पगार यादीत दिसला नाही.

धागाकर्ती :
मीच. तो किती धरायचा असतो?