आमवात घराण्यात आहे? आणि एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला का बाधते? तुमचे अनुभव लिहा

आईला चाळिशीत आमवात म्हणजे आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झाला, तिची बोटं वाकडी होत गेलेली मी लहानपणापासून बघितलीयेत. दोन वर्षांपूर्वी माझीही सकाळी मूठ वळेना, तासभर गेल्यावर कुठे बोटं सैल व्हायची. आरए फॅक्टर, अँटी सीसीपी या रक्ताच्या दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह. आईला आरएचं मेथोट्रेक्सेट हे औषध छान मानवलं, मला त्याच गोळीने दोन दिवस नुसती मळमळ आणि लिव्हरचे आकडे वर. डॉक्टर म्हणाले यात जीन्सचाही भाग असू शकतो. आता मुलगी विचारतेय, आई मलापण होणार का? काय सांगू तिला? तुमच्याकडे काय झालं ते लिहा प्लीज.

*

ताई, आम्ही दोघी एकसारख्या जुळ्या. मला २९व्या वर्षी झाला, बहीण १५ वर्षांनंतरही ठणठणीत आहे. इतकी वर्षं ती रोज सकाळी उठल्या उठल्या आधी मूठ वळवून बघायची. मग मला १९९३चा ब्रिटनमधला जुळ्यांचा अभ्यास वाचायला मिळाला, एकसारख्या जुळ्यांत एकीला असेल तर दुसरीलाही असण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच निघालं होतं. सगळे जीन्स तेच असून १५! तिला फोनवर वाचून दाखवलं तर रडायलाच लागली.

*

माझ्या भावाचं सांगतो, कारण आमच्याकडे जीनपेक्षा सिगारेटने जास्त घात केला असं मला वाटतं. ६ नंबरच्या क्रोमोझोमवर एचएलए-डीआरबी१ नावाचा जीन असतो, त्याचे काही प्रकार आरएशी सगळ्यात जास्त जोडलेले आहेत. धुराने फुफ्फुसातली प्रथिनं बदलतात आणि हे प्रकार ती बदललेली प्रथिनं प्रतिकारशक्तीच्या पेशींपुढे धरतात, मग शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं, अँटी सीसीपी टेस्टमध्ये दिसतात त्या ह्याच. २००६च्या स्वीडनमधल्या अभ्यासात असा जीन आईवडील दोघांकडून आलेला आणि वर सिगारेट ओढणारा, अशांना अँटीबॉडीवाल्या आरएचा धोका यातलं काहीच नसलेल्यांच्या २१ पट निघाला. जीन बदलता येत नाही हो, सिगारेट सोडता येते. भावाने सोडली, पण दुखणं सुरू झाल्यावर. तुमच्या मुलीला एवढं एक नक्की सांगा.

*

मला अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं होतं. आधी टीपीएमटी टेस्ट केली, म्हणजे हे औषध शरीरात नीट मोडलं जाईल का ते बघणारी, नॉर्मल आली, म्हणून आम्ही निर्धास्त. तिसऱ्या आठवड्यात ताप, तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी १,२००, थेट अॅडमिट. नंतर कळलं की दोष एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जीनमध्ये होता, औषध शरीरात साचत गेलं आणि बोनमॅरोवर आलं. हा बदल आशियातल्या लोकांत युरोपियनांपेक्षा बराच जास्त सापडतो, तरी माझी फक्त टीपीएमटीच झाली होती. त्या दिवसांची आठवण आली तरी अजून धडधडतं. हे औषध सुरू करणार असाल तर दोन्हींबद्दल विचारा, आणि टेस्ट नॉर्मल आली तरी सुरुवातीच्या रक्ततपासण्या अजिबात चुकवू नका.

*

सल्फासालाझिन हे आरएचं औषध सुरू करण्याआधी जी६पीडी, म्हणजे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी नाही ना, ते बघून घ्या. बाबांची लघवी गडद झाली, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन धाडकन खाली. ही कमतरता एक्स क्रोमोझोमवरून येते त्यामुळे पुरुषांना जास्त त्रास.

*

मी मेथोट्रेक्सेटसाठी एमटीएचएफआर या जीनची टेस्ट करून घेतली होती आणि ताई, तुम्ही त्याच्या मागे लागू नका असं मनापासून वाटतं. त्याचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डोस काही बदलला नाही. मला फरक पडला तो फॉलिक अॅसिड नीट घेतल्याने आणि गोळीऐवजी इंजेक्शन घेतल्याने. बायोलॉजिक म्हणजे प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग अडवणाऱ्या औषधांचंही तसंच, कुठलं चालेल हे आधी सांगणारी जीनची खात्रीची टेस्ट नाही. माझं पहिलं, टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन अडवणारं, सहा महिन्यांत फेल गेलं, रिटुक्सिमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकने मात्र मी परत जिने चढायला लागले.

*

धागा काढणारी मीच. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. मुलीला सांगितलं की साधारण शंभरात एकाच्या आसपास लोकांना आरए होतो, आई किंवा भावंडांना असेल तर धोका साधारण तिप्पट धर, म्हणजे शंभरातल्या ९७ मुलींना होत नाही. ती म्हणाली मग तू एवढी का घाबरलीस. जुळ्या ताईंच्या बहिणीचंही सांगितलं तिला. इंजेक्शनचं पुढच्या व्हिजिटला विचारते, पण माझी बोटं अजून धड दाबत नाहीत, तुम्ही स्वतः टोचून घेता का घरचं कुणी देतं?