किलपेकच्या चर्चवर अशी शिल्पं कशी काय?

भटकी_वेदा:
पुढच्या महिन्यात इंग्लंडला हेरेफर्डला जातोय. तिथून जवळच किलपेक म्हणून खेडं आहे, तिथलं ११४० च्या आसपासचं छोटंसं चर्च बघायचंय. फोटो बघितले तर छपराखाली ओळीने कुत्रा, ससा, राक्षसी तोंडं आणि चक्क दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी बाई! चर्चवर हे कसं चाललं? आपल्या लज्जागौरीशी काही संबंध असेल का?

दगडफूल:
नक्की जा!! तिला शीला-ना-गिग म्हणतात, आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी आहेत. कोणी म्हणतं वासनेपासून सावध करायला कोरली, कोणी म्हणतं वाईट शक्ती दूर ठेवायला. मला पहिलं जास्त पटतं, कारण त्याच काळात फ्रान्स-स्पेनच्या चर्चेसवरही छपराखालच्या तोड्यांवर (छपराला आधार द्यायला भिंतीतून बाहेर काढलेले दगड) असेच उघडेवाघडे पापी लोक कोरलेत. लज्जागौरीशी संबंध लावू नका, तेर-भोकरदनकडची आपली देवी पूजेतली, बहुतेकदा डोकं नाहीच किंवा डोक्याच्या जागी कमळ, आणि इथे मोठ्ठं टक्कल आणि वटारलेले डोळे, भावच वेगळा आहे.

नंदू_यूके:
सगळे शीलाचेच फोटो काढतात पण खरी कमाल दक्षिणेच्या दारात आहे. दारावरच्या अर्धगोल शिळेत वेल, बाजूच्या खांबांवर वेलींत गुंतलेले सडपातळ योद्धे, एकमेकांना गिळणारे साप, आणि हे सगळं तांबड्या वाळूच्या दगडात इतकं कडक राहिलंय की ९०० वर्षांपूर्वीची छिन्नी कुठे वळली तेसुद्धा कळतं. आत गाभाऱ्याच्या कमानीला दोन्हीकडे एकावर एक उभे संत आहेत, ते चुकवू नका. तोडे ८५ शिल्लक आहेत, दुर्बीण न्याच, आणि दारापाशीच न थांबता पूर्ण प्रदक्षिणा घाला, पश्चिमेच्या भिंतीतून ड्रॅगनची तोंडं बाहेर आलीयेत.

दगडफूल:
+१. आणि वेळ असेल तर त्याच जिल्ह्यात शॉब्डनलाही जा. त्याच शैलीच्या कारागिरांचं काम, पण १७५० च्या दशकात जुनं चर्च पाडून कोरीव कमानी बागेची शोभा म्हणून उघड्या टेकाडावर नेऊन उभ्या केल्या आणि पावसाने पार झिजल्या, आता चेहरे ओळखू येत नाहीत. फार वाईट वाटतं बघून, पण किलपेक बघितल्यावर तिथे काय काय होतं याचा अंदाज येतो.

भटकी_वेदा:
वा, धन्यवाद दोघांना! शॉब्डन माहीतच नव्हतं, आधी किलपेक करून मग तिकडे जाऊ. किलपेकला बसने जमतं का की गाडीच लागेल?

नंदू_यूके:
गाडीच घ्या. चर्चला लागून जुन्या नॉर्मन किल्ल्याची टेकडी आहे, तिच्यावरही चढा, वरून चर्च मस्त दिसतं.