खुब्याचे ऑपरेशन झाले, पण गावात फिजिओथेरपिस्ट नाही : पुढचे उपचार कसे करावेत?

प्रश्न : कोयनाकाठचा

नमस्कार. माझी आई (वय ६८) पाटण तालुक्यातील एका वाडीत राहते. गोठ्यात पाय घसरून ती पडली आणि डाव्या मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग मोडला. जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात सरकारी योजनेतून तिचा संपूर्ण खुबा बदलण्यात आला. ऑपरेशन चांगले झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. तोपर्यंत तिला वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत दोनदा चालवले होते.

अडचण त्यानंतरची आहे. डिस्चार्ज कार्डावर पुढील उपचारांविषयी एकच ओळ आहे : ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी, सहा आठवड्यांनी दाखवावे.’ सोबत इंग्रजीतील व्यायामांचा एक झेरॉक्स कागद दिला, त्यातील निम्मी चित्रे काळी पडलेली आहेत. फिजिओथेरपी कोठे, किती वेळा आणि कोणाकडून करून घ्यायची, असे मी विचारले तेव्हा ‘तुमच्या गावाजवळ कोणीतरी असेल’ असे उत्तर मिळाले. आमच्या वाडीजवळ कोणी नाही. कराडला जायचे तर खासगी गाडीला एका फेरीचे दोन हजार रुपये पडतात. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे खरे, पण त्या पायऱ्या चढणे आईला आज शक्य नाही.

आज ऑपरेशनला १७ दिवस झाले. टाके तालुक्याच्या डॉक्टरांनी काढले, जखम कोरडी आहे. मी नवी मुंबईत बाजार समितीत कामाला असतो, सध्या रजेवर आलो आहे. रजा दहा दिवसांत संपेल, मग घरी वडील आणि वहिनी असतील. शेजारचे लोक एका मालिश करणाऱ्याचे नाव सुचवत आहेत. शेजारच्या मोठ्या गावात एक जण यंत्राने शेक देतो, असेही समजले. रोजची फिजिओथेरपी मिळाली नाही तर आईचा पाय कायमचा अधू राहील का? अशा परिस्थितीत नेमके काय करावे?

उत्तर १ : तालुक्याची फिजिओ

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट असून तालुक्याच्या ठिकाणी अठरा वर्षे काम करते. आपल्यासारखा प्रश्न घेऊन महिन्यातून दोन-तीन कुटुंबे तरी येतात. सर्वांत आधी मालिश थांबवा, कारण नव्या सांध्याभोवतीचे स्नायू भरून येण्याआधी कोणी पाय ओढून किंवा पिळून पाहिला तर सांधा निखळू शकतो. यंत्राच्या शेकाबद्दलही सावध राहा. शॉर्टवेव्ह डायथर्मी हे खोलवर उष्णता देणारे यंत्र शरीरात धातूचा सांधा असलेल्या जागी वापरत नाहीत. शेक देणाऱ्याला हे ठाऊक आहे, असे गृहीत धरू नका.

रोज फिजिओथेरपिस्ट घरी आलाच पाहिजे, असे नाही. व्यायाम रोज व्हायला हवेत, तज्ज्ञाची भेट मात्र ठरावीक टप्प्यांवर झाली तरी बहुतेक रुग्णांचे भागते. माझ्या मते आपल्या आईंसाठी आता लगेच एक भेट, तीन-चार आठवड्यांच्या सुमारास दुसरी, सहाव्या आठवड्याच्या तपासणीच्याच दिवशी तिसरी, आणि तिसऱ्या महिन्यात चौथी, अशा चार भेटी नीट झाल्या तर पुष्कळ काम होईल. मधल्या काळात व्हिडिओवर पाहता येते. व्हिडिओ घेताना फोन कमरेच्या उंचीवर धरावा, साडी गुडघे दिसतील इतकी वर खोचावी आणि चालणे एकदा बाजूने व एकदा पाठीमागून टिपावे. चालताना कंबर एका बाजूला खाली जाते का, हे पाठीमागूनच कळते. खुब्याच्या बाहेरील बाजूचे स्नायू दुबळे राहिले की माणूस लचकत चालतो, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर त्याच चालीची सवय लागते.

परंतु कोणत्याही फिजिओथेरपिस्टकडे जाण्याआधी ऑपरेशनविषयी तीन गोष्टी लेखी मिळवा. सांधा पुढून, बाजूने की मागून उघडला होता? सांधा सिमेंटने बसवला की सिमेंटविना? आणि पायावर किती भार द्यायची परवानगी आहे? मागून उघडलेल्या सांध्यात साधारण सहा ते बारा आठवडे कंबरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचे नाही. पुढून उघडला असेल तर बंधने वेगळी असतात. एका ओळीच्या कार्डावर मी रुग्ण स्वीकारते तेव्हा मला सर्वांत सावध पर्याय धरूनच चालावे लागते, आणि त्यात रुग्णाचे आठवडे वाया जातात. रुग्णालयांनी हे तीन शब्द कार्डावर लिहिले तर त्यांचे काय बिघडते, हे मला इतक्या वर्षांत समजलेले नाही.

तोवर घरी करता येण्यासारखे : तासातासाला पावले वर-खाली हलवणे, गुडघ्यामागे गुंडाळलेला टॉवेल दाबून मांडीचा स्नायू पाच सेकंद ताठ करणे, नितंब आवळून सोडणे, आणि वॉकर धरून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालणे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कुशीवर वळताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी असावी.

पुढीलपैकी काही दिसले तर माझ्या किंवा कोणाच्याही उत्तराची वाट न पाहता रुग्णालय गाठा : पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, ताप येऊन जखमेतून पाणी वा पू येणे, आणि एकाएकी असह्य वेदना होऊन पाय आखूड व आत वळलेला दिसणे. खुबा बदलल्यानंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या बहुधा ३५ दिवसांपर्यंत चालतात. ‘जखम भरली’ म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका.

उत्तर २ : औशाची सून

माझ्या सासूबाईंचे हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झाले. व्यायाम त्या निमूटपणे करत असत, खरी कसोटी घराने पाहिली. आपल्याकडचे सगळे जगणे जमिनीवरचे : अंथरूण खाली, चूल खाली, जेवायला पाट, आणि शौचालय उकिडवे बसण्याचे. पहिल्याच दिवशी दोन हजारांच्या आसपास किमतीची, मध्ये भांडे असलेली कमोडची खुर्ची आणली, आणि ती शौचालयाऐवजी खोलीतच ठेवली. पहिले दोन महिने लाज बाजूला ठेवावी लागते.

पलंगाची उंची आवर्जून तपासा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील तर पलंग बुटका आहे. आम्ही आधी पायांखाली विटा लावल्या, पण त्या हलत होत्या. मग सुताराकडून मध्ये खोबण असलेले लाकडी ठोकळे करून घेतले. गोधड्या, पायपुसणी आणि दारातली कुत्री, तिन्ही वाटेतून हलवा.

आपल्या वहिनींचा उल्लेख आपण एका शब्दात केला आहे. रात्री दोनदा उठून कमोड लावणारे माणूस तेच असणार, त्यामुळे फिजिओथेरपिस्ट येतील तेव्हा शिकायला त्याच समोर असाव्यात. आमच्याकडे शिकवले मुलाला, केले सुनेने, आणि पहिले आठ दिवस मी त्यांना चुकीच्या बाजूने उठवत होते.

उत्तर ३ : निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक

योजनेचा भाग मी सांगतो. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सुट्टी झाल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा पाठपुरावा पॅकेजमध्येच धरलेला असतो. आपले ते दिवस बहुधा संपत आले असतील, आणि खुब्याच्या रुग्णाची खरी फिजिओथेरपी नेमकी तेव्हा सुरू होते. ही योजनेच्या आखणीतीलच उणीव आहे, एकट्या रुग्णालयाला बोल लावून उपयोग नाही. तरीही आजच त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णांना मदत करण्यासाठी नेमलेल्या माणसाला) भेटा किंवा फोन करा, आणि ऑपरेशन नोंदीची प्रत व वरील ताईंनी सांगितलेल्या तीन गोष्टी लेखी मागा. कागदपत्रे मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. दाद मिळाली नाही तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी कक्ष आणि फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. कागदावरची जागा आणि खुर्चीवर बसलेला माणूस यांत अंतर असते, हे मी नोकरीतच पाहिले आहे. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून फिजिओथेरपिस्ट कोणत्या वारी असतात ते विचारा. दुसरा मार्ग फिजिओथेरपी महाविद्यालयांचा. कराडला कृष्णा अभिमत विद्यापीठाचे असे महाविद्यालय आहे. महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शिक्षकांच्या देखरेखीखाली इंटर्न काम करतात आणि रुग्णाला पुरेसा वेळ मिळतो. खासगी फिजिओथेरपिस्ट निवडताना पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. शेक देणाऱ्या आपल्या शेजारगावच्या गृहस्थांनाही तो विचारून पाहावा.

उत्तर ४ : ठाणेकर

मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. आईंना सरळ नवी मुंबईला आणावे. तेथे प्रत्येक चौकात फिजिओथेरपिस्ट आहे, घरीही येतात. सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. गावी ठेवून धोका कशाला पत्करायचा?

कोयनाकाठचा (प्रश्नकर्ता)

ठाणेकर, आपला सल्ला मनापासूनचा आहे, परंतु मी कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही आणि दिवसभर घरात कोणी नसते. एकदा वर नेली की आई सहा आठवडे त्या खोलीत अडकेल. गावी निदान ओटी आहे, अंगण आहे, आणि चार माणसे येऊन बसतात.

उत्तर १ : तालुक्याची फिजिओ

प्रश्नकर्त्यांशी मी सहमत आहे. सपाट अंगण हेही एक साधनच आहे. मात्र सारवलेले अंगण ओले असताना वॉकरची रबरी टोके सरकतात. सारवण आईंच्या झोपेच्या वेळी करावे आणि पूर्ण वाळल्यावरच त्यांना बाहेर काढावे. ती टोके झिजली की बदलावीत, औषधाच्या दुकानात मिळतात.

कोयनाकाठचा (प्रश्नकर्ता), बारा दिवसांनंतर

सर्वांचे आभार. रुग्णालयात मी स्वतः जाऊन आलो. दोन तास बसावे लागले, पण एका तरुण डॉक्टरांनी ऑपरेशनची नोंद काढून कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिले : मागील बाजूने उघडला, सिमेंटसह, सहन होईल तितका पूर्ण भार चालेल. याचा अर्थ आई पहिल्या दिवसापासून पायावर भार देऊ शकत होती, आणि आम्ही सतरा दिवस तिला तो पाय अधांतरी धरायला लावत होतो.

त्याच गाडीने आईला कराडच्या महाविद्यालयात नेले. त्यांनी सगळे व्यायाम वहिनीकडून करवून घेतले आणि वहिनीच्याच फोनवर चित्रित करून दिले. पलंग चार इंच उंच केला आहे. मी काल कामावर रुजू झालो. रोज संध्याकाळी वहिनी एक व्हिडिओ पाठवते, त्यात आई ओटीपासून तुळशीपर्यंत जाऊन परत येते. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आई चुलीपुढे पाटावर बसून भाकरी करायचे म्हणते, तेव्हा ते केव्हा चालेल? आणि वॉकर सोडून काठी घ्यायची तिला फार घाई झाली आहे.

उत्तर १ : तालुक्याची फिजिओ

पाटावर बसणे सध्या अजिबात नको. पुढेही उकिडवे आणि मांडी घालून बसण्याचा निर्णय ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहूनच द्यावा, बरेच सर्जन ते कायमचेच टाळायला सांगतात. शेगडी ओट्यावर घेतली तर उभ्याने भाकरी थापता येईल. एका वेळी दोन-तीन भाकरी, आणि मागे उंच खुर्ची ठेवलेली.

काठी सहाव्या आठवड्याच्या तपासणीनंतर, तीही कंबर न झुकता वॉकरने चालता येत असेल तरच. ऑपरेशन डाव्या बाजूचे असल्यामुळे काठी उजव्या हातात धरायची. घरातील सगळे ‘दुखऱ्या बाजूला धर’ असेच सांगतील, म्हणून वहिनींना हे आधीच सांगून ठेवा. हात मोकळा सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. वडिलांची जुनी काठी उंच असेल तर खालून कापून घ्या आणि नवे रबर बसवा.