ए-लेव्हलला पॉलिटिक्स घ्यावं की इकॉनॉमिक्स? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. लेक सप्टेंबरमध्ये सिक्स्थ फॉर्मला (ए-लेव्हलची, म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षं) जाईल. मॅथ्स आणि हिस्टरी पक्के आहेत, तिसऱ्या विषयावर घरात रोज चर्चा चालू आहे.

तिचा ओढा पॉलिटिक्सकडे. निवडणुकांचे निकाल, पार्लमेंटमधले वाद ती मन लावून ऐकते. तिच्या बाबांना इकॉनॉमिक्स हवंय, उद्या एलएसईला (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) अर्थशास्त्र करायचं ठरलं तर अडायला नको म्हणून. पण तिथे अट मॅथ्सची आहे, इकॉनॉमिक्सची नाही. ऑक्सफर्डच्या पीपीईलासुद्धा (फिलॉसॉफी, पॉलिटिक्स, इकॉनॉमिक्सची एकत्र पदवी) पॉलिटिक्स किंवा इकॉनॉमिक्स यांपैकी एकही विषय सक्तीचा नाही. मग आवडीचाच विषय का घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

काळजी एवढीच, की एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या पॉलिटिक्सला दोन-दोन तासांचे ३ पेपर, तेही मुख्यतः निबंधांचे, आणि सोबत हिस्टरी. पोर लिहून लिहून थकेल का? इकॉनॉमिक्समध्ये निदान आलेख, आकडेमोड असते.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत, त्यांनी कृपया सांगा: हिस्टरीबरोबर पॉलिटिक्स झेपतं का? आणि पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलू देतात का तुमच्याकडे?