मदत हवी आहे: अख्खा अल्बम रातोरात गायब, शनिवारी शूट आहे!

गिरकी | रवि, ३ ऑक्टोबर २०२१, सकाळी ९:४०

लोकहो, तातडीने मदत हवी आहे. आमच्या बॅचने बसवलेलं गाणं काल प्रॅक्टिसला लावायला गेले तर वाजेचना. यादीत करड्या रंगात दिसतंय, बोट लावलं की ढिम्म. हे एकच नाही, त्या अल्बममधली सगळीच गेलीत. बाकीची गाणी व्यवस्थित वाजतायत. प्रीमियमचे पैसे भरलेत, डाउनलोड करून ठेवलेलं होतं, तरी गेलं. ॲप काढून परत टाकून झालं. शनिवारी व्हिडिओ शूट आहे, हॉल ठरलाय, मुलांचे कपडे शिवून आलेत. गाणं बदलायचं नाहीये. माहीत असेल तर नेमकं सांगा. "नेट बंद-चालू करून बघा" वगैरे नको, प्लीज.

उंडगा | ९:५२

कोणतं गाणं? कोणतं ॲप? फोन कुठला? सगळं सांगितलंत, तेवढं सोडून.

गिरकी | ९:५५

स्पॉटिफाय. गाणं इंग्लिश आहे, फंक टाइप. तुम्हाला माहीत नसेल.

उंडगा | ९:५६

मग आम्हाला विचारताय कशाला!

जोशीबुवा | १०:१०

नेट बंद-चालू करून बघा. सेटिंगमध्ये जाऊन कॅश साफ करा. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं, भीमसेनजींचा अख्खा पूरिया दिसेनासा झाला होता. कॅश साफ केल्यावर आला.

खरखर | १०:२४

कॅशबिशचा काही संबंध नाही. करडं दिसतंय म्हणजे हक्कवाल्यांनी गाणं तिथून काढून घेतलंय. तुम्ही "डाउनलोड" म्हणताय ती तुमची फाइल नव्हेच. ती कुलूपबंद असते, ॲपखेरीज कुठे उघडत नाही, आणि महिन्यातून एकदा तरी नेटवर येऊन ॲपला तोंड दाखवावं लागतं. हक्क गेला की ॲप नेटवर येताक्षणी ती पुसली जाते. महिन्याचे पैसे भरून तुम्ही भाडेकरू असता, मालक नव्हे. म्हणून मी गेली कित्येक वर्षं रेकॉर्डच घेतोय. काळी तबकडी कपाटातून कुणी काढून नेत नाही.

उंडगा | १०:३१

आला रेकॉर्डवाला. कस्टमला किती भरलेत ते पण सांगा ना लगे हाथ.

खरखर | १०:३३

अवांतर नको. ताई, कलाकाराचं नाव सांगा. जुनं हिपहॉप असेल तर कारण बहुधा सॅम्पलचं. दे ला सोल या अमेरिकी ग्रुपचा १९८९ चा पहिला अल्बम या २०२१ मध्येही स्ट्रीमिंगवर नाही. जुन्या रेकॉर्डींचे तुकडे वापरलेत आणि तेव्हाच्या करारांत डिजिटलचा विषयच नव्हता, त्यामुळे सगळं पुन्हा सोडवायला लागतंय. किंवा कंपनीचं भांडण असेल. अमेरिकी गायिका आलियाचा 'वन इन अ मिलियन' अल्बम १९९६ चा, तो ॲपवर आला कधी, तर आत्ता ऑगस्टमध्ये!

गिरकी | १०:४१

जुनं नाहीये हो. याच वर्षीचं आहे, जूनमध्ये आलेलं. तेच तर म्हणते, नवीन गाणं कोण काढतं? सॉल्ट नावाचा ग्रुप आहे. गाणं 'लंडन गँग्स'.

टेम्सकाठी | ११:१५

अहो ताई, हे आधी सांगितलं असतंत तर जोशीबुवांचा पूरिया वाचला असता.

तुमच्या ॲपला काही झालेलं नाही. सॉल्टचा 'नाइन' २५ जूनला आला तोच मुळी ९९ दिवसांसाठी. मोजा, २ ऑक्टोबर येतो. म्हणजे काल. तेव्हाच जाहीर केलं होतं, त्यांच्या साइटवर उलटं घड्याळही लावलं होतं. तेवढ्या मुदतीत साइटवरून डाउनलोड करून घ्यायची सोय होती, रेकॉर्डही विकायला होती. मुदत संपली, अल्बम उठला. कस्टमर केअरला लिहून उपयोग नाही, तो पूर्ववत करणं त्यांच्या हातात नाही.

मी इथे लंडनच्या क्रॉयडनला असतो, तेव्हा जरा जास्तच जीव आहे या लोकांवर. मुलाखत नाही, फोटो नाही, जाहिरात नाही. २०१९ मध्ये '५' आणि '७' हे अल्बम, २०२० मध्ये 'अनटायटल्ड'चे दोन. त्यातला 'राइज' यंदा ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत होता. मागे इन्फ्लो हा निर्माता, गाणारी क्लिओ सोल. गायक मायकेल किवानुकाच्या ज्या अल्बमला गेल्या वर्षी मर्क्युरी मिळालं, त्यातही हाच इन्फ्लो. गेल्या महिन्यात आलेला रॅपर लिटल सिम्झचा अल्बमही त्याचाच. ती 'नाइन'मधल्या एका गाण्यातही आहे.

गिरकी | ११:२२

९९ दिवस?? असं कोण करतं? मुलांनी दोन महिने घाम गाळलाय. मला फक्त एवढं सांगा, आता ते मिळणार कुठे?

उंडगा | ११:३०

नखरे आहेत सगळे. सोल संगीताची परंपरा म्हणजे लोकांमध्ये मिसळून गाणं. चर्चमधून आलेलं संगीत ते. आणि हे तिकिटाची मुदत लावतात. वू-टँग क्लॅन या रॅप ग्रुपनेही असंच केलं, एका अल्बमची एकच प्रत काढली आणि २०१५ मध्ये २० लाख डॉलरला विकली. ज्याने घेतली तो पुढे तुरुंगात गेला, आणि यंदा जुलैमध्ये सरकारने ती जप्तीत विकली. ऐकली कुणी?

टेम्सकाठी | ११:४४

दोन्ही एका मापाने मोजू नका. वू-टँगची प्रत एका श्रीमंताच्या तिजोरीत गेली. हा अल्बम तीन महिने जगातल्या कुणालाही ऐकता येत होता. आणि आत काय आहे ते ऐकलंत का? लंडनमध्ये सुऱ्या आणि टोळ्यांच्या सावलीत वाढलेल्या पोरांबद्दल आहे सगळं. मधे एक माणूस वडिलांचा खून झाला त्या दिवसाबद्दल नुसतं बोलतो, गाणं नाहीच. पार्श्वसंगीत म्हणून वर्षभर फिरवायचं हे संगीत नव्हे. उठवला तो त्यांचा हक्क.

उंडगा | ११:४७

हक्क आहे हो. पण ज्याला आज पहिल्यांदा नाव कळलं त्याने काय करायचं? ज्यांच्याबद्दल गायलंय त्या पोरांतलाच एखादा डिसेंबरमध्ये शोधायला आला तर?

टेम्सकाठी | ११:५०

हा प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

वाकडी_मान | १२:०५

हिपहॉपच करायचं तर आपलं का नाही करत? स्वदेशी या रॅप ग्रुपचं प्रकाश भोईरांबरोबरचं 'वारली रिव्होल्ट' ऐका, २०१९ चं, आरेच्या जंगलावरचं. मराठीत रॅप होत नाही म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच.

गिरकी | १२:०८

इथे कोणी म्हटलं मराठीत होत नाही म्हणून? ऐकलंय ते. छान आहे. माझा प्रश्न तो नाही.

खरखर | १२:२०

रेकॉर्ड घ्या. परदेशात कुणाकडे तरी जास्तीची असेलच.

गिरकी | १२:२१

शनिवारपर्यंत?

टेम्सकाठी | १२:४०

माझ्याकडे फाइल आहे, रीतसर उतरवलेली. ताई, व्यनि क...

संपादक मंडळ | १२:४४

वरील प्रतिसाद अर्धा संपादित केला आहे. फाइलींची देवाणघेवाण इथे किंवा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) चालणार नाही. धोरण वाचावे.

उंडगा | १२:४६

झालं. आला कायदा.

बेसवाली | दुपारी १:३०

सगळे भांडून झालात का? गिरकी, मी लग्नाच्या संगीतांना डीजे करते, त्यामुळे ऐन वेळी गाणं पळणं नवीन नाही. फाइल मिळाली असती तरी व्हिडिओ अपलोड केल्यावर हक्काचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो, ते वेगळंच. तुम्हाला खरं तर गाणं नकोय, तुमच्या स्टेप्स वाचवायच्यात. स्टेप्स आठाच्या मोजणीत बसवल्यात ना? 'लंडन गँग्स'ची लय मनात धरून टेम्पो मोजणाऱ्या ॲपवर बोटाने ठोका द्या, आकडा मिळेल. मग याच ग्रुपच्या 'राइज'वर जा, तो अजून जागेवर आहे. 'स्ट्राँग' आणि 'आय जस्ट वाँट टू डान्स' ही दोन लावून बघा. आकडा थोडा इकडेतिकडे असला तर पिच न बदलता वेग कमी-जास्त करता येतो, चार-पाच टक्क्यांपर्यंत कानाला कळत नाही. त्यापुढे गायिका चिपमंकसारखी नाही, पण दमल्यासारखी वाटायला लागते.

गिरकी | १:३४

गाणं बदलायचं नाहीये असं पहिल्याच ओळीत लिहिलंय मी.

उंडगा | १:३५

पहिल्या नव्हे, शेवटून तिसऱ्या.

बेसवाली | १:३८

नका बदलू मग. शनिवारी तोंडाने म्हणा.

जोशीबुवा | ३:१०

कॅश साफ केलीत का?

गिरकी | सोम, ४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सगळ्यांना एकत्र उत्तर. बॅचमधल्या कुणाकडेही फाइल नव्हती, सगळे माझ्याच प्लेलिस्टवर होते. आज नाइलाजाने दोन्ही गाणी लावली. 'आय जस्ट वाँट टू डान्स' मला आवडलं, पोरांना नाही. 'स्ट्राँग'मध्ये मधे सगळी तालवाद्यं एकदम सुटतात, शिट्ट्या वाजतात, तिथे पोरं मिरवणुकीत ताशावाला पेटल्यासारखी उसळली. तेच घेतोय. सुरुवातीच्या दोन आठ-मोजण्या नव्याने बसवाव्या लागतील आणि शेवट अजून जमत नाहीये, आमचा फ्रीझ (थिजून उभं राहायचं) येतो तिथे ती गातच असते.

@बेसवाली, शेवट कापायचा कसा? मोबाइलवर होईल का?

बेसवाली | १०:३२

होईल. फेड करू नका, म्हणजे आवाज हळूहळू विझवू नका, फंकला फेड शोभत नाही. ठोक्यावरच कापा, पहिल्या मात्रेवर. फोन अँड्रॉइड की आयफोन?

खरखर | १०:४०

'राइज'ची रेकॉर्ड आहे माझ्याकडे, दुहेरी. कस्टमसकट काय पडली ते सांगत नाही.

मनमाडकर | १०:५८

धागा आत्ताच बघितला. गिरकी ताई, क्लास नाशिकला आहे का? कॉलेज रोडच्या बाजूला असेल तर सांगा. मिसेसना गुडघ्याचा त्रास आहे, सकाळची हळू बॅच असते का?

गिरकी | ११:०२

अँड्रॉइड.

मनमाडकर, व्यनि करा. सकाळची बॅच आहे पण हळू नाही.